शिकवणारा आणि शोधणारा: पुण्यातल्या एका प्राध्यापकपदाची पार्श्वभूमी

मे-जून उजाडला की पुण्याच्या वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर शिक्षणसंस्थांच्या जाहिराती दिसू लागतात. बारीक टायपात विषयांची यादी, विषयापुढे पदांची संख्या, प्रवर्ग, आणि खाली ठरलेली ओळ: पात्रता विद्यापीठ अनुदान आयोग, राज्य शासन आणि विद्यापीठाच्या नियमांनुसार. वनस्पतिशास्त्र एक, प्राणिशास्त्र एक, सूक्ष्मजीवशास्त्र दोन. 'जीवशास्त्र' हा शब्द त्या यादीत सहसा सापडत नाही. आपल्याकडे बायॉलॉजीचे सर म्हणजे अकरावी-बारावीचे सर. सीनियर कॉलेजात पाऊल ठेवलं की विभाग वेगळे, कपाटं वेगळी, कपाटांच्या किल्ल्याही वेगळ्या.

नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीला चौथं वर्ष जोडलं आणि त्यात संशोधनाची वाट ठेवली, तेव्हापासून या जागांबद्दल एक प्रश्न वारंवार ऐकू येतो. बी.एस्सी.ची मुलं हाताशी घेऊन शिकवेल आणि त्यांच्याच बरोबरीने खरं संशोधन करेल, असा माणूस निवडायचा कसा? अमेरिकेतल्या छोट्या पदवी महाविद्यालयांत अशीच जागा भरण्याची जुनी रीत आहे. तिथल्या पदवीस्तरावरच्या संशोधनाला बळ देणारी परिषद १९७८ मध्ये स्थापन झाली. पुण्यात अशी माणसं होऊन गेली, आजही आहेत. कॉलेजांत अशी जागा मात्र कधी कागदावर आली नाही. ती का आली नाही, हे समजून घ्यायला बरंच मागे जावं लागतं.

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये निघालं ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, म्हणजे परीक्षा घ्यायला आणि पदव्या द्यायला. शिकवायचं कॉलेजांनी, अभ्यासक्रम ठरवायचा आणि तपासायचं विद्यापीठाने. संशोधन कोणी करायचं, याचा या मांडणीत विचारच नव्हता. पुण्यातली कॉलेजं नव्वद वर्षं याच छत्राखाली होती.

याच मांडणीत डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज काढलं आणि शिक्षक नेमण्याची अगदी स्वतःची पद्धत आणली. संस्थेला वाहून घेतलेल्या शिक्षकाने, म्हणजे आजीव सदस्याने, दरमहा पंचाहत्तर रुपयांवर वीस वर्षं शिकवायचं. जाहिरात-मुलाखतीपेक्षा माणूस हेरून त्याला गळ घालण्यावर भर होता. बाहेरच्या कमाईच्या वादातून टिळक १८९० मध्ये संस्थेतून बाहेर पडले आणि गणिताची जागा मोकळी झाली. तेव्हा मुंबईत शिकवणाऱ्या धोंडो केशव कर्व्यांना गोखल्यांनी बोलावून घेतलं. कर्वे १८९१ मध्ये आले आणि १९१४ पर्यंत शिकवत राहिले. केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत सर्वोच्च स्थान मिळवून सीनियर रँग्लर झालेले रघुनाथ परांजपेही तिथून परतल्यावर याच अटींवर रुजू झाले.

मला या पद्धतीबद्दल नितांत आदर आहे. तिने पुण्याला शिक्षकांची पिढी दिली. पण शिक्षक म्हणजे त्यागी माणूस, आणि त्याचा त्याग मोजायचा वर्गावरच्या वर्षांत, ही कल्पनाही तिनेच इथे रुजवली. गणिताच्या माणसाला फळा पुरतो. जीवशास्त्राच्या माणसाला सूक्ष्मदर्शक लागतो, परिरक्षक द्रावणाच्या बरण्या लागतात, पावसाळ्यात रानात घालवायला चार दिवस लागतात. ही गरज त्यागाच्या हिशेबात बसली नाही.

या दोन्ही गोष्टी एका माणसात कशा नांदतात, हे शंकर पुरुषोत्तम आघारकरांच्या आयुष्यात दिसतं. मालवणात १८८४ मध्ये जन्मलेले आघारकर मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवत असताना सह्याद्रीत हिंडायचे. तिथल्या गोड्या पाण्यात त्यांना जेलीफिश सापडला. या गटातला जेलीफिश तोवर आफ्रिकेतच माहीत होता. १९१२ मध्ये 'नेचर'मध्ये त्याची नोंद छापून आली. एका कॉलेजशिक्षकाला इतक्या जवळच्या पाण्यात हे सापडलं होतं! पुढे ते कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे घोष प्राध्यापक (रासबिहारी घोष यांच्या देणगीतल्या पदावरचे) झाले, आणि शिकवणं व संशोधन हे तिथे एकाच खुर्चीचं काम होतं. निवृत्तीनंतर पुण्यात येऊन १९४६ मध्ये त्यांनी महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी केली. आजची आघारकर संशोधन संस्था ती हीच. पुण्याच्या जीवशास्त्राला तिने फार मोठं बळ दिलं. ती संशोधन संस्था मात्र होती, आणि बी.एस्सी.चे वर्ग तिच्या फाटकाबाहेर राहिले.

पुढची दहा-पंधरा वर्षं या वाटणीवर शिक्कामोर्तब करणारी ठरली. पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये सुरू झालं आणि गणेशखिंडीत पदव्युत्तर विभाग आले. पाषाणला १९५० मध्ये राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा उघडली. १९५२ मध्ये विषाणू संशोधन केंद्र निघालं, आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजे एन.आय.व्ही., ती. कितीतरी नंतर विद्यापीठाच्या आवारातच पेशीविज्ञानाचं राष्ट्रीय केंद्र, म्हणजे एन.सी.सी.एस., उभं राहिलं. पाच-सहा किलोमीटरांच्या परिसरात देशातलं उत्तम जीवशास्त्र एकवटलं. शहरातल्या कॉलेजांची हजारो मुलं त्याच रस्त्यांवरून रोज जात-येत होती. त्यांचा या प्रयोगशाळांशी संबंध यायचा तो वर्षातून एकदा, विज्ञान दिनाला, रांगेत उभं राहून.

कॉलेजात काय चालायचं? माझ्या पिढीला प्राणिशास्त्राचं प्रॅक्टिकल म्हटलं की मेणाचा ट्रे आठवतो. पाण्याखाली टाचण्यांनी ताणलेलं झुरळ, त्याची पचनसंस्था मोकळी करून दाखवायची, मग जर्नलमध्ये शिसपेन्सिलीने आकृती, उजव्या बाजूला नावं, एका रेषेत. आकृती ट्रेमधून काढली की मागच्या वर्षीच्या जर्नलमधून, हे सर सहीवेळी ओळखायचे आणि तरीही सही करायचे, कारण सत्तर जर्नलं समोर असायची. हात बसायचा, नजर बसायची, यात शंका नाही. पण ज्या प्रश्नाचं उत्तर सरांनाही ठाऊक नाही असा प्रश्न तीन वर्षांत एकदाही समोर यायचा नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये प्राण्यांचं विच्छेदन कमी करण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि २०१४ मध्ये ते बंदच केलं. ट्रे माळ्यावर गेले. त्या मोकळ्या झालेल्या तासांत काय करायचं, हा प्रश्न प्रत्येक विभागासमोर आला. काहींनी संगणकावरची चित्रं आणली. काहींनी मुलांना टेकडीवर नेलं, ओढ्याच्या पाण्यातले किडे मोजायला लावले. प्राणिशास्त्राच्या शिक्षकाकडून वेगळं काही अपेक्षित आहे, हे तेव्हाच लक्षात घ्यायला हवं होतं. भरतीच्या नियमांनी ते घेतलं नाही.

तरीही कॉलेजांतून संशोधन झालं आणि ते पुण्याबाहेर पोचलं. माझ्या दृष्टीने त्यातलं सगळ्यात सुंदर उदाहरण वेड्या राघूंचं. मिलिंद वाटवे तेव्हा आबासाहेब गरवारे महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत होते. विषय सूक्ष्मजीवांचा, आणि मुलांना घेऊन गेले पक्ष्यांकडे. वेडा राघू मातीच्या उतारात बीळ करून घरटं करतो. जवळ माणूस उभा असला की तो चोचीत किडा धरून तारेवर बसून राहतो, बिळात शिरत नाही, कारण शिरला तर घरट्याची जागा कळेल. या मंडळींनी विचारलं: माणूस तेवढ्याच अंतरावर, पण त्याला बीळ दिसणार नाही अशा ठिकाणी उभा केला तर? राघू तेव्हा जास्त बिनधास्त आत जायचे. समोरच्याला काय दिसतं आणि काय दिसत नाही, याचा अंदाज पक्षी घेतो असा त्याचा अर्थ. हे काम २००२ मध्ये प्राण्यांच्या आकलनावरच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आलं, लेखकांच्या यादीत विद्यार्थ्यांच्या नावांसह. लागलं काय? उभं राहायला एक माणूस, घड्याळ, वही, आणि ऊन सोसायची तयारी. लाखोंचं यंत्र एकही नाही.

शिवाजीनगरच्या मॉडर्न महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवता शिकवता हेमंत घाटे यांनी कीटकांच्या वर्गीकरणात आयुष्यभराचं काम केलं, तेही याच जातकुळीतलं. आणि उलट बाजूनेही पाहावं. माधव गाडगीळ फर्ग्युसनमधून १९६३ मध्ये बी.एस्सी. झाले, हार्वर्डला पीएच.डी. करून १९७१ मध्ये पुण्याला परतले ते विज्ञानवर्धिनीत. तिथे वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तकांबरोबर त्यांनी पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास मांडला. कॉलेजच्या वर्गावर असा माणूस नेमता येईल अशी सोयच तेव्हा नव्हती.

सोय नसण्याचं एक कारण पात्रतेच्या इतिहासात आहे. आयोगाने १९८९ मध्ये प्राध्यापकपदाच्या पात्रतेची नेट परीक्षा सुरू केली. महाराष्ट्रासाठीची सेट १९९५ पासून पुणे विद्यापीठ घेतं. या परीक्षांनी ओळखीपाळखीच्या नेमणुकांना आळा बसला, हे मान्यच करायला हवं. पण नेट काय तपासते? 'लाइफ सायन्सेस'चा एकच पेपर, पेशीपासून परिसंस्थेपर्यंत सगळं. उमेदवाराला अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीच्या हातात भिंग देऊन तिला गप्प बसून बघायला शिकवता येतं का, हे त्यात कळायचा मार्ग नाही.

मग आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीने मुलाखतीला कोणाला बोलवायचं यासाठी गुणांचा तक्ता दिला. महाविद्यालयांसाठीच्या तक्त्यात पीएच.डी.ला पंचवीस गुण आहेत, संशोधन निबंधांना सगळे मिळून जास्तीत जास्त सहा. पदोन्नतीसाठी लागणाऱ्या संशोधन गुणांची रीत आणखी विचार करायला लावते. लेखक दोनापेक्षा जास्त असले तर मुख्य लेखकाला निबंधाच्या मूल्याचे सत्तर टक्के, बाकी प्रत्येकाला तीस टक्के. म्हणजे पाच विद्यार्थ्यांची नावं सन्मानाने घालणारा शिक्षक, आणि त्यातल्या एखाद्या मुलीने खरंच जास्त काम केलं म्हणून तिला पहिलं नाव देऊन स्वतः शेवटी जाणारा शिक्षक, दोघंही या हिशेबात घाट्यात जातात. हा नियम बनावट नावं रोखण्यासाठी होता, हे समजतं. विद्यार्थ्यांना सहलेखक करण्याला वेगळा मान मिळावा एवढी एक ओळ त्यात सहज बसली असती.

त्याच नियमावलीत सहायक प्राध्यापकाला आठवड्याला सोळा तास प्रत्यक्ष अध्यापन ठरवलं आहे. हे सोळा तास वेळापत्रकात दिसतात. सकाळी सहाला वेताळ टेकडीवर मुलांबरोबर काढलेले दोन तास कुठल्याच रकान्यात येत नाहीत.

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या मुलाखतींना मी हजर होतो. एक उमेदवार कापडी पिशवी घेऊन आला होता. पिशवीत दोनशे पानी वह्या होत्या, कडा दुमडलेल्या, काही पानांवर पावसाचे डाग. त्याच्या विद्यार्थ्यांनी दोन वर्षं उंबरांच्या फळण्याच्या नोंदी ठेवल्या होत्या, झाडागणिक, आठवड्यागणिक. एका पानावर मुलाने लिहिलं होतं, 'आज झाड क्र. ७ तोडलेलं दिसलं.' समितीने त्याच्या फाईलमधली प्रमाणपत्रं मूळ प्रतींशी ताडून पाहिली, निबंधांची संख्या लिहून घेतली, दहा मिनिटांत मुलाखत आटोपली. वह्या कोणी उघडल्या नाहीत. मीही त्या वेळी बोललो नाही, याची मला आजतागायत खंत आहे.

शिकवणं आणि संशोधन यांच्यातल्या या तुटलेपणावर सरकारी पातळीवर मोठं उत्तर आलं ते २००६ मध्ये. विज्ञान शिक्षण आणि संशोधन एकाच छताखाली आणणाऱ्या आयसर संस्थांपैकी पहिल्या दोनांतली एक पुण्यात निघाली. बारावीनंतर थेट पाच वर्षांचा अभ्यासक्रम, सुरुवातीला सगळी विज्ञानं एकत्र, आणि शिकवणारा प्रत्येक जण स्वतःची प्रयोगशाळा चालवणारा. इथे नेमणूकच या दुहेरी कामासाठी होते. त्याच वर्षी राज्यातल्या विद्यापीठांमध्ये 'आविष्कार' संशोधन स्पर्धा सुरू झाली आणि साध्या कॉलेजांतली मुलंही पोस्टर घेऊन उभी राहू लागली. पुढे केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या स्टार कॉलेज योजनेने पदवी प्रयोगशाळांना पैसा दिला. आयसरने पुण्याला हे शक्य आहे असं दाखवलं. पण तिथे देशभरातली निवडक मुलं येतात. बारामतीहून, जुन्नरहून एस.टी.ने येणारी मुलगी अजूनही बहुधा संलग्न कॉलेजातच शिकते.

आता चौथं वर्ष दारात आहे. आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत पंचाहत्तर टक्के किंवा जास्त गुण मिळवणाऱ्यांना संशोधनासह ऑनर्स घेता येतं आणि प्रकल्पाला बारा श्रेयांक आहेत. महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांनी २०२३-२४ पासून नवी रचना घेतली, संलग्न महाविद्यालयांनी त्याच्या पुढच्या वर्षी. म्हणजे स्वायत्त महाविद्यालयांतली पहिली तुकडी २०२६-२७ मध्ये प्रकल्पाला बसणार.

त्यांना मार्गदर्शन कोण करणार, हे पाहायला कुठल्याही विभागाचं मस्टर उघडावं. अनुदानित पद भरायचं तर आधी बिंदुनामावली, म्हणजे आरक्षणाची क्रमवार नोंद, तपासून घ्यायची, सहसंचालक कार्यालयाचं ना हरकत प्रमाणपत्र आणायचं, मग जाहिरात, निवड समिती, विद्यापीठाची मान्यता. यात वर्षं जातात, आणि तोवर वर्ग सांभाळतात तासिका तत्त्वावरचे शिक्षक. त्यांतले कितीतरी पीएच.डी. झालेले, वयाची पस्तिशी ओलांडलेले, सकाळी एका कॉलेजात आणि दुपारी दुसऱ्या. मुलं शंका घेऊन येतात ती यांच्याकडेच, कारण वयाने आणि मनाने हेच जवळचे. त्यांचं मानधन घेतलेल्या तासांवर निघतं. प्रकल्पाची मुलगी सहा वाजता टेकडीवर उभी असेल, हे शिक्षक तिच्याबरोबर जातील याची मला खात्री आहे, आणि महिनाअखेरीच्या बिलात त्या सकाळीपुढे शून्य तास लिहिलेले असतील.