क्लच दाबल्यावर घरघर? गिअरबॉक्सला दोष देण्याआधी

‘क्लच दाबला की आवाज येतो, म्हणजे गिअरबॉक्स गेला’ हे सर्रास ऐकू येतं. बहुतेकदा प्रकार उलटा असतो.

गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, इंजिन सुरू. पाय पेडलवर नसताना गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद आत आणणारा दांडा, इंजिनासोबत फिरत असतो. घरघर तेव्हाच येत असेल आणि पेडल पूर्ण दाबल्यावर दोन-तीन सेकंदांत थांबत असेल, तर संशय त्या शाफ्टच्या बेअरिंगवर. आधी गिअर ऑइलची पातळी बघा. दाबल्यावरच सुरू होत असेल, तर बहुधा रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग. पाय नुसता टेकवल्यावर चिवचिव थांबली, तरी बरेचदा तेच. बदलताना क्लच प्लेटही तपासून घ्या. गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, मजुरी दोनदा कशाला?