नॅनोट्यूब संवेदनशील आहे, मान्य. निवडक आहे का?

वायू ओळखणाऱ्या संवेदकांत कार्बन नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या अणूंची अतिसूक्ष्म नळी, वापरतात. तिच्यावर पॅलेडियम या धातूचे कण बसवले किंवा पॉलिमरचा थर दिला, की लगेच लिहिलं जातं, ‘संवेदनशीलता वाढली’. कधी वाढतेही. पण निवडकतेच्या, म्हणजे अनेक वायूंतून नेमका एक ओळखण्याच्या, जागी हा शब्द ठोकून दिलेला दिसला की माझं डोकं फिरतं.

संवेदनशीलता तुम्हाला ठाऊकच आहे. वायू जरासा असला तरी नळीचा विजेला होणारा रोध बदलतो. त्या बाबतीत कोऱ्या नळीला नावं ठेवायला जागा नाही. २००० साली स्टॅनफर्डमधल्या होंगजी दाई यांच्या गटाने एका अर्धवाहक नळीवर २०० पीपीएम (दहा लाख भागांत २०० भाग) नायट्रोजन डायऑक्साइड सोडला, तेव्हा तिची वाहकता (रोधाच्या उलट) सुमारे हजारपट वाढली. तीही खोलीच्या तापमानाला.

गोची पुढे आहे. हवेतली नळी पी-प्रकारची असते, म्हणजे तिच्यात वीज वाहतात त्या इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा. नायट्रोजन डायऑक्साइड इलेक्ट्रॉन ओढून घेतो, त्या जागा वाढतात, रोध घटतो. अमोनिया इलेक्ट्रॉन देतो, रोध वाढतो. आता दोघे एकदम आले तर? मीटरवर आकडा एकच. एक तो खाली ओढतो, दुसरा वर ढकलतो, आणि काटा जवळपास जागचा हलत नाही. शिवाय हवेतला दमटपणाही रोधाला धक्का देतोच. नळीला सगळंच जाणवतं, म्हणून नेमकं कोण आलं ते तिला सांगता येत नाही.

पॉलिएथिलीनइमाइन या पॉलिमरचा थर दिला की त्यातले अमाइन (नायट्रोजनयुक्त) गट नळीला इलेक्ट्रॉन देतात आणि ती एन-प्रकारची होते, म्हणजे रिकाम्या जागांऐवजी इलेक्ट्रॉनच वीज वाहतात. मग नायट्रोजन डायऑक्साइड एक पीपीबीहून (अब्ज भागांत एक भाग) कमी असला तरी कळतो, अमोनियाकडे मात्र ती ढुंकूनही पाहत नाही. मला विचाराल तर कमाई त्या दुर्लक्षात आहे. नाफिऑन या दुसऱ्या पॉलिमरच्या थराचं उलट: अमोनियाला वाट, नायट्रोजन डायऑक्साइडला अटकाव. दोन्ही नळ्या शेजारी ठेवल्या की दोन वायूंसाठी दोन वेगळे आकडे मिळतात.

पॅलेडियमची गोष्ट निराळी. कोरी नळी हायड्रोजनला जवळपास दादच देत नाही, त्यामुळे तिथे संवेदनशीलताच नव्याने येते. तिथे तो शब्द खुशाल वापरा.

नळी एकभिंती (एकाच थराची) की बहुभिंती (एकात एक अनेक नळ्यांची), हा वाद इथे गौण. थर रासायनिक बंधाने जोडावा की नुसता लपेटावा? मी लपेटण्याच्या बाजूचा. बंध जोडताना भिंतीतली कार्बनची जाळी बिघडते आणि वहनही.

आणि कोरड्या नायट्रोजनमध्ये एकेकटा वायू सोडून काढलेला आलेख ‘निवडकतेचा पुरावा’ म्हणून पुढे करू नका. मिश्रणात, दमट हवेत काय झालं, ते त्यात कुठेच नसतं.