मूळचा पारवा कड्यावरचा

वस्तीतल्या थव्यात पांढरे, तांबूस, काळे, ठिपकेवाले असे नाना रंगांचे पारवे दिसतात. मूळ रानटी पारव्याचा रंग मात्र ठरलेला. अंग निळसर राखाडी, डोकं आणि छाती त्याहून गडद, मिटलेल्या पंखावर दोन ठळक काळे पट्टे आणि शेपटीच्या टोकाला काळी किनार. डोळे नारिंगी-लाल, पाय तांबडे, लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर. नर-मादी जवळजवळ सारखेच दिसतात. उडताना पंखांची खालची बाजू पांढरी चमकते, ती खूण लांबूनही पटकन कळते.

मानेवरची हिरवी-जांभळी झाक जवळून बघण्यासारखी आहे. हे रंग रंगद्रव्याचे नव्हेतच. पिसांच्या सूक्ष्म तंतूंवर केराटिनचा, म्हणजे आपली नखं-केस ज्याचे बनतात त्या प्रथिनाचा, अतिशय पातळ थर असतो. त्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळतात, तेव्हा काही रंग उठून दिसतात, काही मावळतात. पाण्यावर पसरलेल्या तेलात रंग दिसतात तेही याच कारणाने. म्हणून पारव्याने मान जराशी वळवली की हिरव्याचं जांभळं होतं.

हे दोन पट्ट्यांचं रूप या जातीत किती खोलवर मुरलंय, ते चार्ल्स डार्विनने स्वतः कबुतरं पाळून पाहिलं. पांढऱ्या आणि काळ्या जातींचा संकर करत गेल्यावर पुढच्या पिढ्यांत निळसर अंगाचा, दोन काळ्या पट्ट्यांचा पक्षी निपजला. सगळी पाळीव कबुतरं या एकाच रानपक्ष्यापासून आली, असं त्याने १८५९ साली मांडलं.

युरोपातल्या रानपारव्याच्या कमरेवर, शेपटीच्या मुळाशी, पांढरा डाग असतो. भारतीय उपखंडाच्या बहुतांश भागात तीच जागा राखाडी असते, त्यामुळे आपल्याकडे ही खूण शोधू नये. पण हा डाग नुसती शोभा नाही. बहिरी ससाणा वरून प्रचंड वेगाने झेपावतो आणि पारवा ऐन क्षणी अंग फिरवून कोलांटी घेतो. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २००५ साली मांडलेल्या निष्कर्षानुसार, पांढऱ्या कमरेचे पारवे ससाण्याच्या तावडीत फारच कमी सापडत होते. संशोधकांनी पारव्यांच्या कमरेवरच्या पिसांची अदलाबदल केली, तसं पांढऱ्या कमरेवाल्यांचं हे संरक्षण नाहीसं झालं. ससाण्याची नजर पांढऱ्या ठिपक्यावर खिळते आणि पंखांची हालचाल त्याला उशिरा कळते, असा त्यांचा अंदाज. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण पिसांची एवढीशी अदलाबदल करून त्याने रंगाचा उपयोग थेट दाखवून दिला.

राहायला या पक्ष्याला हवा उभा कडा. समुद्राकाठचे खडक, डोंगरातल्या घळी, गुहा, खोल कपारी ही त्याची खरी घरं. पश्चिम आणि दक्षिण युरोप, उत्तर आफ्रिका, पश्चिम आणि दक्षिण आशिया हा त्याचा मूळ प्रदेश. चारा शोधायला तो उघड्या माळावर, शेतात उतरतो, दाणे टिपतो आणि मुक्कामाला पुन्हा खडकावर येतो. झाडावर क्वचितच बसतो. घरटं म्हणजे कपारीत रचलेल्या चार काड्या, त्यात बहुधा दोन पांढरी अंडी. नर-मादी दोघंही आळीपाळीने उबवतात आणि १७ ते १९ दिवसांत पिल्लं बाहेर येतात. सुरुवातीला आईबाप दोघंही त्यांना गळ्यातल्या अन्नपिशवीत तयार होणारा, प्रथिनं आणि स्निग्धांशाने भरलेला दाट स्राव भरवतात. दगडी इमारतीचा सज्जा किंवा पुलाखालची खोबण त्याच्या दृष्टीने कपारच, म्हणून मनुष्यवस्ती त्याला इतकी मानवली.

नातेवाइकांशी गल्लत होऊ शकते. मध्य आशियाच्या पहाडांतला एक भाऊबंद थेट असाच दिसतो, पण त्याच्या शेपटीवर रुंद पांढरा आडवा पट्टा असतो. युरोपात झाडाच्या ढोलीत राहणाऱ्या जातीचे डोळे काळेभोर आणि पंखांवरचे पट्टे तोकडे असतात.

अवघड आहे ते रानटी आणि पाळीव वंशातला फरक ओळखणं. पळालेली कबुतरं रानात गेली, तिथल्या पारव्यांशी त्यांच्या जोड्या जमल्या आणि निर्भेळ रानपारवा कमी कमी होत गेला. जनुकांच्या अभ्यासातून असं दिसलंय, की स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या आउटर हेब्रिडीज बेटांवर असे पारवे अजून बऱ्याच अंशी टिकून आहेत. त्यांची चोच बारीक असते आणि तिच्या मुळाशी असलेला पांढुरका फुगवटाही लहान. कड्यावरच्या थव्यात एखादा पांढरा किंवा तांबूस पक्षी दिसला, तर तिथे पाळीव रक्त मिसळलं आहे असं समजायला हरकत नाही.