प्राचीन काळ नेमका कुठे संपतो?

सहावीला प्राचीन, सातवीला मध्ययुगीन, आठवीला आधुनिक. राज्याच्या पाठ्यपुस्तकांतली ही वाटणी इतकी अंगवळणी पडलेली असते की ती कुणीतरी कधीतरी केली, हे पोरांच्याच काय, शिकवणाऱ्यांच्याही ध्यानात राहत नाही.

मूळ वाटणी ब्रिटिश इतिहासकार जेम्स मिलची. १८१७ साली त्याने हिंदू, मुसलमानी आणि ब्रिटिश असे तीन कालखंड पाडले. हा गृहस्थ हिंदुस्थानात कधी आला नाही, इथली एकही भाषा त्याला येत नव्हती. आणि गंमत बघा: पहिले दोन खंड राज्यकर्त्यांच्या धर्मावरून, तिसरा मात्र ‘ख्रिस्ती’ नव्हे, ‘ब्रिटिश’! पुढे युरोपच्या धर्तीवर प्राचीन-मध्ययुगीन-आधुनिक ही नावं आली. पाट्या बदलल्या, बांध बरेचसे तिथेच राहिले.

जुन्या पुस्तकांत प्राचीन भारत बहुधा हर्षवर्धनाच्या मृत्यूबरोबर, इ.स. ६४७ ला, आटोपता घेतलेला असे. कोल्हापुरात हे शिकवायचं म्हणजे पंचाईत. हर्षाला नर्मदेवर बदामीच्या दुसऱ्या पुलकेशीने रोखलं. ६३४ च्या ऐहोळे शिलालेखात ते कोरलेलं आहे. आपले कोल्हापूरचे शिलाहार राजे तर उगवले दहाव्या शतकात. त्यांच्यातल्या दुसऱ्या भोजाचा देवगिरीच्या यादव सिंघणाने पाडाव केला तो १२१२ च्या सुमारास. त्यांना कुठल्या कप्प्यात घालायचं? ‘पूर्वमध्ययुग’ हा मधला कप्पा अशांच्याच सोयीचा.

लेखी इतिहासाआधीच्या काळाचीही तीच गत. पाषाण, कांस्य, लोह हा क्रम डेन्मार्कच्या थॉमसनने संग्रहालयातल्या वस्तू लावताना बसवला. दख्खनमध्ये कांस्ययुग काही नीट बसेना, म्हणून जोर्वेसारख्या गावांसाठी ‘ताम्रपाषाण’ (तांबं आणि दगड दोन्ही वापरात असलेला काळ) हा शब्द वापरात आला.

पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ मध्ये सांकळिया आणि दीक्षित या पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केलं. तिथे काळ ठरला तो नाण्यांवरून आणि खापरांवरून: खाली सातवाहनांची घरं, वर बहमनी वस्ती. याच टेकडीवर पोसायडन या ग्रीक सागरदेवाची ब्रॉन्झची मूर्ती मिळाली. वीतभरही नाही. टाऊन हॉल संग्रहालयात नेलं की पोरं हटकून विचारतात, समुद्राचा देव आपल्या नदीवर कसा? मग सातवाहनांचा धडा मिटवून मोसमी वारे, कोकणातली बंदरं आणि घाटवाटा काढाव्या लागतात.