डेक करून घेताय? आधी फळीखालचं बोलूया

डेक म्हणजे अंगणात, गच्चीवर किंवा घराला लागून फळ्यांचा बसवलेला ओटा. आमच्याकडे येणारे बहुतेक ग्राहक फळीचा रंग मनाशी ठरवूनच येतात. रोज डोळ्यांसमोर राहणार ती फळीच, त्यामुळे ते साहजिक आहे. पण जुन्या डेकच्या दुरुस्तीला आम्ही जातो तेव्हा फळी उचलल्यावर वारंवार एकच दृश्य दिसतं: वरची फळी धडधाकट, आणि तिला पेलणाऱ्या तुळईत स्क्रूड्रायव्हर सहज घुसतोय. म्हणून हे पत्रक आम्ही खालून वर लिहिलं आहे. आधी पाणी, मग सांगाडा, मग स्क्रू आणि मग फळी. ठेकेदाराशी बोलतानाही हाच क्रम धरा.

पाणी कुठून जाणार?

लाकूड कुजवते ती बुरशी, आणि तिला ओल लागते. लाकडातली ओल त्याच्या कोरड्या वजनाच्या 20 टक्क्यांच्या आत राहिली, तर बुरशीचं फावत नाही. पावसात भिजून दुसऱ्या दिवशी वाळणारा डेक वर्षानुवर्षं टिकतो. धोका असतो तो पाणी अडकून बसतं तिथे: फळी आणि तुळई यांच्यामध्ये, एकाला एक जोडलेल्या दोन तुळयांच्या फटीत, फळीच्या कापलेल्या टोकाला. टोकाकडून लाकूड पृष्ठभागापेक्षा कितीतरी जास्त पाणी शोषतं, कारण त्याच्या नळ्या तिथे उघड्या असतात. म्हणून प्रत्येक कापलेल्या टोकाला सीलर, म्हणजे पाणी अडवणारा लेप, लावायला सांगा. पाच मिनिटांचं काम आहे, पण घाईत पहिलं हेच राहून जातं. तुळयांच्या माथ्यावर चिकटपट्टी मारली, तर स्क्रूच्या भोकांतून पाणी आत मुरत नाही.

लाकडी खांब थेट मातीत किंवा काँक्रीटमध्ये पुरू देऊ नका. जमिनीच्या पातळीला ओल आणि हवा दोन्ही मिळतात, खांब तिथेच कुजतो. काँक्रीटच्या पायावर धातूचा बूट, म्हणजे खांबाची बैठक, बसवून खांब वर उचललेला असावा. डेकच्या खाली वारा खेळता हवा. कडेनं फळ्या लावून खालची पोकळी बंद केली तर दिसायला छान, पण ती बाजू दमट राहते. बंद करायचीच असेल तर जाळी लावा.

गच्चीवरच्या डेकची गोष्ट वेगळी. तिथे वॉटरप्रूफिंगला एकही भोक पडता कामा नये. सांगाडा स्लॅबवर ठोकायचा नाही, उंची कमीजास्त करता येणाऱ्या सुट्या पायांवर, म्हणजे पेडेस्टलवर, ठेवायचा. काम सुरू होण्याआधी गच्चीवर पाणी साठवून निदान 24 तास गळतीची चाचणी घ्या. डेक बसल्यावर गळती सापडली तर सगळं उचलावं लागतं, आणि दोष कोणाचा यावर वाद होतो तो वेगळाच. पाणी जाण्याच्या तोंडाजवळची फळी उचलता येईल अशी ठेवा. मोठ्या कुंड्या किंवा पाण्याचं टब ठेवणार असाल, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. ओल्या मातीचं वजन अंदाजापेक्षा बरंच जास्त भरतं.

सांगाडा

यासाठी कुजू नये म्हणून दबावाखाली औषध भरलेलं पाइन, गॅल्वनाइज्ड (जस्ताचा थर दिलेलं) पोलाद किंवा ॲल्युमिनियम वापरतात. तिन्हींचे चांगले डेक होतात. पोलाद घेतलंत तर कापलेल्या आणि वेल्डिंग केलेल्या प्रत्येक जागी जस्ताचा थर गेलेला असतो हे लक्षात ठेवा. तिथे जस्तयुक्त रंग लागला का, ते फळ्या बसण्याआधी स्वतः बघा. पोकळ नळ्यांची तोंडं बंद हवीत.

तुळयांमधलं अंतर फळीवरून ठरतं. सुमारे 25 मिमी जाडीच्या लाकडी फळीला 400 मिमी चालतं. लाकूड-प्लास्टिकच्या मिश्र फळीला, म्हणजे डब्ल्यूपीसीला, ते कंपनीच्या सूचनेप्रमाणे बहुधा कमी ठेवावं लागतं. फळ्या तिरप्या लावायच्या असतील तर आणखी कमी. एखादी तुळई वाचवली की दरपत्रक स्वस्त दिसतं, आणि पहिल्याच उन्हाळ्यात फळी पायाखाली लवायला लागते.

घराला जोडलेल्या उंच डेकबद्दल मात्र आम्ही कुठलीही तडजोड मान्य करत नाही. भिंतीलगतची तुळई नुसत्या खिळ्यांवर लटकवली, तर माणसांच्या वजनाने खिळे हळूहळू बाहेर सरकतात. डेक भिंतीपासून सुटून कोसळण्याचं हे सगळ्यांत ओळखीचं कारण आहे, आणि असे अपघात डेकवर माणसं जमलेली असतानाच होतात. तिथे बोल्टच हवेत, आणि तुळईच्या वर पाणी बाहेर वळवणारी पत्र्याची पट्टी हवी. कठड्याचे खांबही सांगाड्याला बोल्टने घट्ट आवळलेले असावेत. कठड्याच्या दोन गजांमधून 100 मिमीचा चेंडू जाऊ नये, हा लहान मुलांसाठीचा हिशेब आहे. उंचीचा नियम तुमच्या भागातल्या बांधकाम परवानगीत बघा.

स्क्रू

स्क्रूचा खर्च एकूण खर्चात फार थोडा, आणि डेकचं आयुष्य बऱ्याचदा त्याच्यावर ठरतं. औषध भरलेल्या लाकडात पूर्वी तांबं, क्रोमियम आणि अर्सेनिक यांचं मिश्रण असायचं. अमेरिकेत घरगुती वापरासाठी ते 2003 च्या अखेरीस थांबलं. त्याच्या जागी आलेल्या औषधांत तांब्याचं प्रमाण जास्त आहे आणि ती साध्या लोखंडाला लवकर खातात. त्यामुळे अशा लाकडात जस्ताचा जाड थर दिलेले गॅल्वनाइज्ड किंवा स्टेनलेस स्क्रूच चालतात. समुद्राजवळ राहत असाल तर 316 दर्जाचं स्टेनलेस मागा. त्यात मॉलिब्डेनम असतं, म्हणून ते खाऱ्या हवेत 304 दर्जाच्या स्टेनलेसपेक्षा चांगलं तग धरतं. टॅनिन हे तुरट द्रव्य असलेल्या लाकडात लोखंडी स्क्रू मारला की भोवती काळा डाग पसरतो, आणि तो घासून सहजी जात नाही. कठीण लाकडात आधी भोक पाडून मगच स्क्रू, नाहीतर टोकाशी फळी चिरते.

आता फळी

सागवान बाहेर टिकतं ते त्यातल्या नैसर्गिक तेलामुळे, पण हे फक्त गाभ्याच्या लाकडाला लागू आहे. सालीजवळचं फिकट लाकूड सागाचं असलं तरी लवकर कुजतं आणि त्याला कीडही लागते. फळ्या मोकळ्या करून फिकट पट्टे बघून घ्या. इपेसारखं जड लाकूड अतिशय टिकाऊ, मात्र कापायला आणि भोक पाडायला कष्टाचं, त्यामुळे मजुरी वाढते. असं लाकूड घेताना ते कायदेशीर तोडीचं असल्याचे कागद मागा, आम्हीही ते दिल्याशिवाय माल देत नाही. औषध भरलेलं पाइन खिशाला परवडतं, पण कापलेल्या टोकांना पुन्हा औषध लावावं लागतं आणि त्याचे तुकडे चुलीत किंवा शेकोटीत कधीही जाळायचे नाहीत. त्यातला धूर आणि राख विषारी असते.

डब्ल्यूपीसीला तेल लावावं लागत नाही, हा मोठा फायदा. पण दुपारच्या उन्हात ती चांगलीच तापते. तुमच्या घरी सगळे अनवाणी फिरत असतील तर नमुन्याचा तुकडा एक दुपार उन्हात ठेवा आणि त्यावर पाय ठेवून बघा. मगच ठरवा. उन्हाने ती लांबीच्या दिशेने वाढते, म्हणून टोकाला कंपनीने सांगितलेली फट सोडावीच लागते. चारी बाजूंनी प्लास्टिकचं आवरण असलेली फळी डाग कमी धरते. आणि ही फळी सांगाड्याच्या कामाची नाही, तिच्यावर भार तोलता येत नाही.

लाकडी फळ्यांमध्ये साधारण 5 मिमी फट ठेवतात, पण माल ओला आहे की वाळवलेला यावर ती कमी-जास्त होते. ओलं पाइन वाळून आक्रसतं, त्याला आज मोठी फट ठेवली तर उद्या पेन खाली पडेल एवढी होते. ठेकेदाराकडे ओल मोजायचं यंत्र आहे का, हे जरूर विचारा.

लाकूड उन्हात राखाडी होतं, त्यानं ताकद कमी होत नाही. रंग टिकवायचा असेल तर मुरणारं तेल लावा, चकचकीत वॉर्निश नको. वॉर्निशचा थर उन्हापावसात फुटतो, आणि पुढच्या वेळी सगळा खरवडावा लागतो. जवसाचं तेल वापरल्यास एक काळजी घ्याच: तेलाची फडकी चुरगळून टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. मोकळ्या जागी पसरून वाळवा.

ठेकेदार कसा निवडायचा

नव्या कामाचे फोटो सगळेच दाखवतात. तुम्ही तीन-चार वर्षं जुनं काम बघायला मागा, शक्यतो पावसाळ्यानंतर. तिथे वाकून खाली बघा, कठडा हलवून बघा, आणि घरच्यांना एकच विचारा: तक्रार केल्यावर हा माणूस परत आला का?

दरपत्रक एका ओळीचं असेल तर परत पाठवा. त्यात लाकडाची जात, फळीची जाडी, तुळयांमधलं अंतर, स्क्रूचा दर्जा, पाया किती खोल आणि राडारोडा कोण उचलणार, एवढं लिहिलेलं हवं. मोजमाप तयार डेकच्या क्षेत्रफळावर की आणलेल्या मालावर, तेही स्पष्ट करून घ्या. तोडमोडीत माल वाया जातोच, तो कोणाच्या हिशेबात हे आधी ठरलेलं बरं. सगळ्यांत कमी दर बघताना यातलं काय गाळलंय ते शोधा.

पैसे कामाच्या टप्प्यांप्रमाणे द्या. सांगाडा पुरा झाला की काम थांबवून तो स्वतः तपासा, जमेल तर इंजिनिअरकडून. प्रत्येक सांध्याचे फोटो काढून ठेवा, कारण फळ्या बसल्यावर तो पुन्हा दिसणार नाही. चांगला ठेकेदार यावर रागावत नाही. काम चालू असताना काही बदल ठरला तर तो लिहून दोघांनी सही करा. कंपनीची हमी मालापुरती असते, बसवण्याची हमी ठेकेदाराकडून वेगळी लिहून घ्या. प्रत्यक्ष काम कोणते कारागीर करणार आणि त्यांचा विमा आहे का, हेही विचारा. उंचावर काम करणारी ती माणसं आहेत.

आमच्याकडे पहिल्या भेटीला येताना जागेची मापं, चारी बाजूंचे फोटो आणि सकाळ-दुपार ऊन कुठून येतं याची नोंद घेऊन या. पाऊस पडून गेल्यावर एक तासाने पाणी कुठे साचलेलं असतं, त्याचाही फोटो असेल तर आणा. आमची पहिली चर्चा त्या फोटोवरूनच सुरू होईल.