‘घराला काहीही झालेले नाही’: मालकाचे सांगणे आणि आमची तपासणी

घर विकायचे असो, घ्यायचे असो किंवा दुरुस्तीचा अंदाज हवा असो, तपासणीच्या दिवशी दारातच काही वाक्ये हमखास कानावर येतात. ‘वाळवीचे औषध मारून घेतले आहे.’ ‘गळती पूर्वी होती, आता नाही.’ ‘आजोबांच्या काळातले घर, हलायचे नाही.’ सांगणारा खोटे बोलत नसतो. रोज नजरेसमोर असलेली भेग हळूहळू दिसेनाशी होते, आणि मिस्त्रीने काम संपवताना जे सांगितले तेच मालकाच्या तोंडी राहते. अहवालात आम्ही अशी विधाने ‘मालकाने सांगितले’ या मथळ्याखाली लिहितो. ‘आढळले’ या मथळ्याखाली फक्त पाहिलेले, ठोकून बघितलेले आणि मोजलेले जाते. ही दोन्ही एकमेकांशी जुळली तर तुमच्या शब्दाला वजनच येते.

‘आत्ताच रंग दिला, भिंती कोरड्या आहेत’

गोव्यात बरीच घरे चतुर्थीच्या तोंडावर रंगवली जातात. म्हणजे जून-जुलैचा पाऊस प्यायलेल्या भिंतीवर रंग चढतो. चिऱ्याला (जांभ्या दगडाला) भोके असतात, तो पाणी शोषतो आणि सावकाश सोडतो. मूळचा चुन्याचा गिलावा काढून सिमेंटचा केला आणि वर प्लास्टिक पेंट दिला, की ओल बाहेर पडायची वाट बंद होते आणि ती भिंतीत आणखी वर चढते. पाण्याबरोबर आलेला क्षार पृष्ठभागाशी साठतो, लोणा (मिठाचा पांढरा थर) फुटतो आणि रंगाचे पोपडे सुटतात. नवा रंग हे काही महिने झाकतो एवढेच.

ओलावामापकाच्या सुया रंगाच्या आत जातात, त्यामुळे रंग ताजा असला तरी मोजणी अडत नाही. मात्र हे यंत्र लाकडासाठी बेतलेले असते. भिंतीवरचा आकडा म्हणजे ओलीची खरी टक्केवारी नव्हे, तो तुलनेपुरताच वापरायचा. म्हणून आम्ही एकाच उभ्या रेषेत जमिनीपासून 10 सेंमी, 50 सेंमी, 1 मीटर आणि दीड मीटरवर मोजतो. आकडा खाली जास्त आणि वर कमी होत गेला, तर ओल जोत्यातून येते. खाली कोरडे आणि वरच एक पट्टा ओला असेल, तर भिंतीतला पाइप, न्हाणीघर किंवा छप्पर तपासायचे. पहिल्या ठिकाणी गच्चीवर वॉटरप्रूफिंग करून काही उपयोग नाही, आणि तो खर्च अनेकांनी केलेला असतो.

तपासणीच्या आधी रंग देऊ नका, ही कळकळीची विनंती. डागांमुळे घराची किंमत पडत नाही. डागांचा आकार पाहून कारण कळते, आणि कारण कळले तर दुरुस्ती स्वस्तात होते.

‘स्लॅबवर पत्रे घातले, आता चिंता नाही’

पत्र्यांनी पाऊस अडतो, हे खरे. पण आत एकदा गंजू लागलेली सळई त्याने बरी होत नाही. किनाऱ्याजवळ खारा वारा, कधी बांधकामात वापरलेली खारी रेती, यांतून आलेले मीठ काँक्रीटमध्येच राहते, आणि गंज पुढे सरकायला पावसाळ्यातली दमट हवाही पुरते. सळईखाली किमान 20 मिमी काँक्रीट असायला हवे, किनाऱ्याजवळ त्याहून जास्त. सळईखाली ठोकळे न ठेवता स्लॅब ओतलेला असेल, तर ते जेमतेम 8-10 मिमी भरते. गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा घेतो, म्हणून आधी सळईच्या रेषेत सरळ भेग दिसते आणि मग खपली सुटते.

पडलेल्या जागी गिलावा मारून रंग देणे ही दुरुस्ती नव्हे. आम्ही छोट्या हातोडीने छत टप्प्याटप्प्याने ठोकतो. घट्ट काँक्रीट खणखणीत वाजते, सुटलेले भद्द वाजते. पोकळ जागा खडूने आखून फोटो घेतो. योग्य काम असे: सैल काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत काढायचे, गंज घासून लोखंड चकचकीत करायचे, उरलेली जाडी मोजायची, जास्त झिजली असेल तर शेजारी नवी सळई जोडायची, मग गंजरोधक लेप आणि पॉलिमर मॉर्टर. मिस्त्रीने यातले काय केले, त्याचे फोटो असतील तर दाखवा.

‘पाणी भरून बघा’ असा आग्रहही होतो. गच्चीवर 50 मिमी पाणी 24 ते 48 तास उभे करणे ही चांगली चाचणी आहे, पण त्याने दर चौरस मीटरला 50 किलो वजन चढते. खालून सळया उघड्या पडलेल्या असतील तर आम्ही ती करत नाही.

वाळवी आणि कौले

औषध खरोखर मारले असेल तर खुणा राहतात: भिंत आणि जमीन मिळते तिथे साधारण फुटाफुटावर ड्रिलची भोके आणि ती बुजवलेले सिमेंट. नुसते लाकडावर फवारले असेल तर वाळवीचे घर जमिनीत शाबूत राहते आणि ती दुसऱ्या वाटेने वर चढते. औषधाचे नाव, महिना आणि बिल मिळाले तर नोंद पक्की होते.

मंगळुरी कौलांच्या घरात आम्ही आधी पाहतो ती वाशांची भिंतीत गाडलेली टोके आणि दोन उतार मिळतात तिथली पत्र्याची पन्हळ. मधला वासा ठणठणीत दिसतो, टोकात मात्र टोच्या सहज शिरतो. वरून रंग असला तरी. लाकडातला ओलावा 20 टक्क्यांच्या वर सतत राहिला की ते कुजू लागते. दरवर्षी शाकारणी होते हे चांगलेच, पण कौले परतणारा माणूस वाशाची टोके तपासतोच असे नाही.

जुन्या घराच्या वयाचा दाखला आम्ही मान्य करतो, पण एका अटीवर: घर जसे होते तसेच असावे. मातीत रचलेल्या भिंतीला नवे न्हाणीघर चिकटवले, अंगणाला पेव्हर घालून पाण्याचा उतार घराकडे केला, तर आधीची शंभर वर्षे पुढच्या पावसाळ्याची हमी देत नाहीत.

वीज आणि विहीर

‘ईएलसीबी बसवला आहे, बटण दाबले की पडतो’ हे ऐकून बरे वाटते. (ईएलसीबी म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच.) ते बटण फक्त आतली यंत्रणा तपासते. अर्थिंग तुटलेले असले तरी तो पडतोच. अर्थिंगचा रोध वेगळा मोजावा लागतो, तोही शक्यतो एप्रिल-मेमध्ये, कारण कातळाची जमीन सुकली की आकडा वाढतो. 5 ओहमच्या आत असावा.

विहिरीचे पाणी गोड आणि नितळ आहे म्हणजे शुद्ध आहे असे नाही. सेप्टिक टँक किंवा सोकपिट (शोषखड्डा) 15 मीटरच्या आत असेल, तर चिऱ्याच्या थरातल्या भेगांतून सांडपाणी विहिरीत उतरू शकते. 100 मिलि पाण्यात ई-कोलाय (विष्ठेतून येणारा जीवाणू) अजिबात नसावा. नमुना निर्जंतुक बाटलीत, बर्फात ठेवून, त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवतो.

त्या दिवशी काय तयार ठेवाल

माळ्याची आणि गच्चीची चावी, बंद खोल्यांतली कपाटे भिंतीपासून हातभर पुढे ओढलेली, झालेल्या दुरुस्त्यांची बिले. गळती कोणत्या महिन्यात, पावसाच्या पहिल्या सरीला की दोन-तीन दिवसांच्या झडीनंतर दिसते, हे घरात राहणाऱ्यांना विचारून ठेवा. ही माहिती कुठल्याही यंत्रापेक्षा आम्हाला जास्त उपयोगी पडते. अहवालातली नोंद विनंतीवरून गाळता येत नाही. बिल किंवा फोटो नंतर सापडले, तर तारखेसह पुरवणी जोडून देतो.