कोतवाल बुक (जुना गाव नमुना क्रमांक १४)

कोतवाल बुक : महाराष्ट्रातील खेड्यांतील जन्म-मृत्यूंची जुनी नोंदवही. वंशावळ जुळवणे आणि जातपडताळणी यांसाठी तिचा मुख्य उपयोग होतो. महसुली दप्तरात तिचा क्रमांक १४ होता. हल्लीच्या नमुना १४ मध्ये गावच्या पाणीपुरवठ्याच्या साधनांची नोंद असते, म्हणून अर्जात नुसता क्रमांक न लिहिता ‘जन्म-मृत्यू नोंदवही’ असे स्पष्ट लिहावे.

‘कोतवाल’ हा शब्द मराठीत फार्सीतून आला. त्याचे मूळ संस्कृत ‘कोट्टपाल’ असावे असे सामान्यतः मानतात. तुर्की मुळाचाही पक्ष मांडला जातो. वहीला हे नाव का पडले, हा प्रश्न निराळा. मुंबई इलाख्यात गावकामगार पाटील, कुलकर्णी किंवा तलाठी नोंदी लिहीत. तेथील कनिष्ठ गाव वतने (वंशपरंपरागत गावचाकऱ्या) १९५८ च्या कायद्याने संपली आणि पगारी कोतवाल त्यानंतरचा. वह्या मात्र त्याहून कितीतरी जुन्या आहेत. उलट मध्य प्रांतात, ज्यात विदर्भ मोडे, गावचा कोतवाल (कोटवार) जन्म-मृत्यूची वही पोलीस ठाण्यात नेऊन दाखवी. तेव्हा हे नाव विदर्भाकडून सर्वत्र रूढ झाले असावे, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. नोंदींचा आरंभ स्थूलमानाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धरावा. १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम राज्यात १ एप्रिल १९७० पासून लागू झाला.

वह्या बहुधा तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाववार बांधलेल्या असतात. गाव, अंदाजी साल आणि वडील-आजोबांची नावे देऊन नकलेचा अर्ज करतात. माहिती अधिकाराखाली १० रुपये शुल्क भरून वही प्रत्यक्ष पाहताही येते. प्रतीला पानामागे २ रुपये. साल नक्की नसेल तर आधी वही पाहावी, मग नक्कल मागावी. जालना (१९८१), लातूर (१९८२) यांसारखे जिल्हे आणि तालुके नव्याने झाले, तेथे दप्तर जुन्या तालुक्याला राहिले आहे का, हे आधी विचारावे.

नोंद साधारण अशी असते : ‘रामा बिन सखाराम, कुणबी, मुलगा १’. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. बारशाआधीच नोंद होत असल्याने बाळाचे नाव बहुधा नसते. येथे रामा हा बाप आहे. आडनाव पुष्कळदा गाळलेले, आईचे नाव तर क्वचितच. एका सालात दोन ‘रामा बिन सखाराम’ निघाले की घोटाळा होतो, म्हणून शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा जोडीला लागतो. त्यातली १ जून ही जन्मतारीख मात्र संशयानेच घ्यावी : वयाचा पुरावा नसलेल्या मुलांना गुरुजी सर्रास तीच तारीख लावीत. जातीच्या रकान्यात ‘कु.’ असा संक्षेप आढळतो. त्याचा अर्थ त्याच वहीतील इतर नोंदींवरून ठरवावा. शाई वा हस्ताक्षर बदललेले दिसले तर पडताळणी समिती दक्षता पथकाकडून मूळ वही तपासून घेते, केवळ नकलेवर विसंबत नाही.

सुमारे १९५० पर्यंतच्या पुष्कळ वह्या मोडी लिपीत आहेत. लिप्यंतर जाणकाराकडून, त्याच्या सहीने घ्यावे. मराठवाड्यात निजामी अमलातील कागद उर्दूत असून सन फसली (महसुली कालगणनेचा) असतो; त्यात ५९० किंवा ५९१ मिळवून इसवी सन काढतात. २०२३ मध्ये नेमलेल्या न्या. संदीप शिंदे समितीच्या कुणबी नोंदींच्या शोधात तेथील जन्म-मृत्यूच्या वह्यांबरोबर खासरा पत्रकासारखे (जमिनीच्या नोंदींचे) महसुली कागदही तपासले गेले.